मशीन घेण्याआधी एकदा डोळ्यांचं ऑपरेशन थिएटर बघा



मागच्या व्हिडिओत आपण 'मशीन कर्जावर घ्यावं का?' हा प्रश्न घेतला होता. त्याचा दुसरा भाग आज लिहून देते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः सहा लाखांचं प्रिंटिंग मशीन कर्जावर घेणार होते. कोटेशन आलं होतं, बँकेची फाइल तयार होती. नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि माझा निर्णय तिथे बसल्या बसल्या बदलला.

झालं असं, की हॉस्पिटलमध्ये नवीन मशीन आल्याचा मोठा बोर्ड लावला होता. सासूबाईंचा नंबर नववा. आठ वाजता ड्रॉप टाकायला सुरुवात झाली, त्या आत गेल्या दीड वाजता. त्यांना शुगर आहे. बारा वाजता हात थरथरायला लागले म्हणून तपासली तर साखर उतरलेली. नर्सनं लगेच ग्लुकोजचं पाणी दिलं म्हणून निभावलं. त्या मला म्हणाल्या, "अगं, मशीन नवीन आहे म्हणतात, मग अडलंय कुठे?"

मी चौकशी केली. अवजारांचे निर्जंतुक केलेले सेट दोनच होते! धुणं, पॅक करणं, वाफेत ठेवणं, थंड होऊ देणं, यात तास जायचा. म्हणजे तासाला दोनच पेशंट. लाखांचं मशीन आणि अनुभवी डॉक्टर दोघंही ट्रेची वाट बघत बसलेले.

या विभागात असतं तरी काय?

पेशंट ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं बघू.

१. तपासणी. स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून बसतो ते उपकरण. प्रकाशाची बारीक फट टाकून डॉक्टर डोळ्याचा पुढचा भाग मोठा करून बघतात. डोळ्यातला दाब हवेच्या फुंकरीनं मोजणारं मशीन असतं. पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅन असतो. पडदाच खराब असेल तर नुसता मोतीबिंदू काढून नजर पूर्ण परत येत नाही, हे पेशंटला आधीच सांगावं लागतं.

२. मोजमाप. याला बायोमेट्री म्हणतात. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 23 ते 24 मिलिमीटर लांब असतो. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकू शकतो. ऑपरेशन कितीही सुंदर होऊ दे, पेशंट नाराजच! आणखी एक गंमत बघा. लांबी मोजणारं आधुनिक मशीन प्रकाशावर चालतं. मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश आत जात नाही आणि ते मशीन हात टेकतं. मग जुनं, ध्वनिलहरींवर चालणारं ए-स्कॅन काढावं लागतं. म्हणून चांगल्या ठिकाणी जुनं मशीन विकून टाकत नाहीत.

३. ऑपरेशन थिएटर. इथलं मुख्य उपकरण म्हणजे मायक्रोस्कोप. दुसरं फेको मशीन. ही पद्धत अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये आणली. साधारण अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुई आत जाते, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडते आणि तुकडे ओढून घेते. मग घडी केलेली लेन्स त्याच छेदातून आत जाऊन उलगडते. डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून मशीनचा ताबा पायात. पेडल थोडं दाबलं की पाणी, अजून दाबलं की ओढणं, पूर्ण दाबलं की ध्वनिलहरी.

४. न दिसणाऱ्या सोयी. हेपा फिल्टरमधून येणारी हवा. हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणसुद्धा 99.97 टक्के अडवतो. थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये 121 किंवा 134 अंश तापमानाची वाफ. यूपीएस आणि जनरेटर, कारण सुई डोळ्यात असताना दिवे जाऊन चालत नाही. आणि अवजारांचे पुरेसे सेट. यातल्या कशाचाच बोर्ड बाहेर लागत नाही. पण काम अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

मदुराईचं उदाहरण

आता हेच काम नीट बसवलं तर काय होतं ते बघू. डॉ. जी. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि 1976 मध्ये मदुराईत त्यांनी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. वय 58, खाटा फक्त 11, आणि संधिवातानं बोटं वाकडी झालेली. आज हे जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्र रुग्णालयांपैकी एक आहे आणि तिथल्या निम्म्याहून जास्त पेशंटना उपचार मोफत किंवा अगदी कमी पैशांत मिळतात.

त्यांनी ओळखलं, की सगळ्यात महाग गोष्ट मशीन नाही, सर्जनचा वेळ आहे. म्हणून एका सर्जनला दोन टेबलं दिली. एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. पहिलं संपलं की मायक्रोस्कोप फिरवायचा आणि पुढचं सुरू. तयारी, मोजमाप, ड्रॉप, समुपदेशन ही कामं गावाकडच्या मुलींना पद्धतशीर शिकवून त्यांच्याकडे दिली. सर्जननं फक्त सर्जनचं काम करायचं.

याचं गणित समजा असं मांडलं. ऑपरेशनला 10 मिनिटं आणि पेशंट बदलून तयारीला 15 मिनिटं. एका टेबलावर चार तासांत 9 ऑपरेशन. दोन टेबलांवर त्याच चार तासांत 18. डॉक्टर तोच, मायक्रोस्कोप तोच, वाढलं फक्त एक टेबल आणि शिकवलेली माणसं. अर्थात, अवजारांचे सेटही तेवढे हवेत, नाहीतर दुसरं टेबल नुसतंच मांडलेलं!

पुढची अडचण आली लेन्सची. परदेशी लेन्स गरिबाला परवडत नव्हती. मग 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्स साधारण दहा डॉलरपर्यंत खाली आणली. आणि जिथे फेको शक्य किंवा योग्य नाही, तिथे ते थोड्या मोठ्या पण बिनटाक्याच्या छेदाची पद्धत वापरतात. त्याला फेको मशीन लागतच नाही, आणि निकालही चांगले येतात.

माझ्या दुकानात काय झालं?

घरी आल्यावर मी पंधरा दिवस वही ठेवली. प्रत्येक ऑर्डर कुठे किती वेळ थांबते ते लिहिलं. दुकान दहा तास उघडं, आणि प्रिंटिंग मशीन चालायचं जेमतेम तीन तास! लग्नपत्रिका अडायच्या दोन ठिकाणी. गिऱ्हाईक प्रूफ पास करायला दोन-दोन दिवस लावायचं, आणि कटिंग हातानं व्हायचं. मी सहा लाखांचं मशीन घेतलं असतं, तर तेही कटिंगची वाट बघत बसलं असतं. वर हप्ता चालू.

मी फाइल परत घेतली. सेकंडहँड कटिंग मशीन घेतलं आणि संध्याकाळी फक्त प्रूफ दाखवून पास करून घ्यायला कॉलेजची एक मुलगी ठेवली. सीझनला पाच दिवसांत जाणारी पत्रिका तीन दिवसांत जायला लागली. जुना प्रिंटरही विकला नाही. गेल्या वैशाखात मोठा बंद पडला तेव्हा त्यानंच लाज राखली.

तुमचा गृहपाठ

- तुमच्या धंद्यात सगळ्यात महाग काय आहे? मशीन, कारागीर की तुमचा स्वतःचा वेळ? ते दिवसात किती तास रिकामं बसतं, सात दिवस लिहून काढा.
- काम कुठे साठतं? जिथे ढीग दिसतो, तिथून पुढे अडलंय. पैसा आधी तिथे लावा.
- मोजमापाची चूक कुठे होते? शिलाई असो, फर्निचर असो की केकची ऑर्डर, कापण्याआधीची दोन मिनिटं सगळ्यात स्वस्त असतात.
- लाइट गेली किंवा मुख्य मशीन बंद पडलं तर त्या दिवशी काम कशावर करणार? उत्तर आजच ठरवा.

मशीन घेऊच नका असं मी म्हणत नाही. वही भरल्यावरही मशीनच अडथळा निघाला तर बिनधास्त घ्या. पण आधी वही, मग कोटेशन.

सासूबाई आता बिनचष्म्याच्या पोथी वाचत नाहीत, जवळचा चष्मा लागतोच. पण लांबचं लख्ख दिसतं. परवा दुकानात आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तो कोपऱ्यातला ढीग कसला गं?" बघितलं तर प्रूफ पास होऊन तीन दिवस पडलेल्या पावती पुस्तकांचा. म्हणजे वही मलाही परत काढायची आहे. चला, सोबतच करू.