पणजोबांच्या ट्रंकेतला जपानी झेंडा

आमच्या घरात एक जपानी झेंडा आहे. पणजोबा मराठा पलटणीतून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते साताऱ्याकडच्या आमच्या गावी परतले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तो होता. त्यांच्यामागे आजोबांनी तो सांभाळला, मग थोरल्या काकांनी, आणि आता तो माझ्याकडे आलाय. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथल्या कितीतरी घरांतली माणसं त्या लढाईला गेली होती. आणखी एखाद्या ट्रंकेत असा झेंडा असेल तर उपयोग व्हावा, म्हणून हे लिहिते आहे.

१. हा झेंडा पलटणीचा नाही, एका माणसाचा आहे.

आम्ही पोरं त्याला ‘जिंकलेला झेंडा’ म्हणायचो. जपानमध्ये घरातला तरुण लढाईवर निघाला की घरचे, शेजारीपाजारी, शाळेतले आणि कामावरचे सोबती मिळून अशा झेंड्यावर आपापली नावं लिहीत आणि तो त्याच्या हाती देत. योसेगाकी हिनोमारू म्हणतात त्याला. शिपाई त्याची घडी घालून अंगाशी, कपड्यांच्या आत बाळगायचा. म्हणजे असा झेंडा कुठल्या बुरुजावरून उतरवलेला नसतो. बहुतेक वेळा तो मेलेल्या माणसाच्या अंगावरचा असतो.

२. ज्या लढाईतून तो आला, ती वाचून काढावी.

पणजोबा लढाईबद्दल फारसं बोलत नसत. झेंडा कुठे मिळाला, कसा मिळाला, हे त्यांनी आजोबांनाही सांगितलं नाही. मग पुस्तकांचाच आधार. मार्च १९४४ मध्ये जपानची पंधरावी आर्मी, सुमारे ८५ हजार माणसं, चिंदविन नदी ओलांडून इंफाळ-कोहिमावर चालून आली. सोबत शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. उखरुळजवळच्या सांगशाक गावात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, म्हणजे पणजोबांचीच, छत्रीधारी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून २६ मार्चपर्यंत झुंजली. प्यायला पुरेसं पाणी नव्हतं आणि विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडत होती. सांगशाक शेवटी सोडावं लागलं, पण तिथे गेलेले ते दिवस जपान्यांना पुढे फार महागात पडले.

जुलैत त्यांच्या माघारीचा हुकूम निघाला. ऐन पावसाळा, वाटेत चिखल, पोटात अन्न नाही. हिवताप आणि हगवणीने माणसं रस्त्याकडेला बसली ती उठलीच नाहीत. त्या मोहिमेत ५० हजारांहून जास्त जपानी सैनिक मेले किंवा जायबंदी झाले, आणि मेलेल्यांत गोळीपेक्षा भुकेने आणि रोगाने गेलेले अधिक. आमच्या झेंड्याचा धनी कशाने गेला, कोण सांगणार? आपलीही माणसं तिथेच राहिली. कोहिमाच्या दहनस्मारकावर ९१७ हिंदू आणि शीख जवानांची नोंद आहे. ईशान्येच्या सहलीला जाणाऱ्यांनी तिथे अर्धा तास तरी थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

३. धुऊ नका, इस्त्री करू नका, फ्रेम करून उन्हात टांगू नका.

रेशमावरची शाई पाण्याने फुटते आणि उजेडाने उडते. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नयेत, लोखंडी ट्रंकेचा गंज लागतो तोही वेगळाच. आम्ही तो खूप वेळा धुतलेल्या मऊ मलमलीत सैलसर गुंडाळून ठेवलाय, कारण घडीवर रेशीम चिरतं. प्लॅस्टिकची पिशवी नकोच, पावसाळ्यात आत दमट होतं.

४. जाणकाराकडून वाचून घ्या.

पुण्यात जपानी शिकवणारी बरीच मंडळी आहेत. त्यातल्या एका बाईंनी टेबलावर पांढरी चादर अंथरली, झेंडा पसरला आणि बोट न लावता वाचायला सुरुवात केली. वरच्या बाजूला ठळक चार अक्षरं, ‘बुउन चोक्यू’, म्हणजे युद्धातलं नशीब दीर्घकाळ साथ देवो. डाव्या कडेला त्या मुलाचं नाव. तांबड्या सूर्याभोवती किरणांसारखी पसरलेली बाकीची नावं, आणि त्यांत चार जणांचं आडनाव त्याचंच. खालच्या कोपऱ्यात एक नाव वेडंवाकडं, अक्षरं सुटी सुटी, शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते खाली उतरलेलं. ते लहान मुलाचं असावं, असं बाई म्हणाल्या. ते मूल हयात असेल तर आज नव्वदीच्या घरात असेल.

५. घरातल्या प्रत्येकाचं ऐकून घ्या.

परत पाठवण्याचा विषय निघाला तेव्हा काका साफ नाही म्हणाले. “माझ्या आज्याने जीव धोक्यात घालून आणलंय ते, असंच देऊन टाकायचं?” त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पणजोबांनी तिथे काय सोसलं, याची आमच्याकडची खूण तेवढीच. पण आज्जी बोलली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून बघत होती, की दर सर्वपित्री अमावस्येला पणजोबा एक पान जास्तीचं वाढायला लावायचे. कुणासाठी ते सांगत नसत. मात्र त्या दिवशी ट्रंक उघडलेली असायची. ते गेल्यावर आज्जीने पान चालू ठेवलं, कारण न विचारता. तिचं ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी “पाठवू” म्हणाले.

६. पाठवायचं ठरलं तर वाट आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात अस्टोरिया इथे ओबोन सोसायटी नावाची संस्था आहे. रेक्स आणि केइको झियाक या दांपत्याने ती सुरू केली. केइको यांचे आजोबा ब्रह्मदेशातच मारले गेले आणि त्यांचा झेंडा साठ वर्षांनंतर घरी पोचला, त्यातून हे काम उभं राहिलं. ही मंडळी झेंड्यावरच्या नावांवरून वारस शोधतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. परदेशात पडलेल्या दहा लाखांहून अधिक जपान्यांचे अवशेष अजून मायदेशी पोचलेले नाहीत. अशा घरांना झेंडा मिळाला, तर गेलेल्या माणसाचं तेवढंच काय ते परत आलेलं असतं. वारस सापडतीलच असं नाही, धीर धरावा लागतो.

झेंड्यासोबत आपल्या बाजूची हकिकतही लिहून द्यावी. आम्ही लिहिली आहे: पणजोबांचं नाव, पलटण, कुणाकुणाकडे तो राहिला, आणि सर्वपित्रीचं पान. फोटो आणि अर्ज गेले आहेत. पणजोबांचं बर्मा स्टार पदक काकांनी स्वतःकडे मागून घेतलं, ते आमच्याच घरात राहील. वारस सापडले तर झेंडा टपालाने धाडायचा नाही, आपण जाऊन हातात द्यायचा, असं आता त्यांचंच म्हणणं आहे, आणि त्यासाठी त्यांनी पासपोर्टचा अर्जही भरलाय.