नारळाच्या तेलावर चाललेले बंड

नाव ऐकून मला प्रथम हसूच आले होते. 'द कोकोनट रेव्होल्यूशन' म्हणजे नारळाची क्रांती! डॉम रॉथरो यांचा २००१ सालचा हा माहितीपट पाहून संपला, तेव्हा मात्र ते हसू पार मावळले होते. त्यामागचा इतिहास वाचताना जे उमगले, ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न.

बुगनव्हिल हे प्रशांत महासागरातील एक बेट. त्याचे नावसुद्धा त्याचे स्वतःचे नाही. १७६८ मध्ये तेथून गेलेल्या एका फ्रेंच दर्यावर्दीचे ते नाव. भूगोलाने हे बेट सॉलोमन बेटांच्या रांगेतले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी व ब्रिटन यांनी आपसात वाटण्या केल्या आणि ते जर्मनीकडे गेले. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याचा ताबा घेतला. १९७५ मध्ये पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला, तेव्हा बेटाने स्वतःचे स्वातंत्र्य आधीच जाहीर केलेले असूनही ते त्या देशातच राहिले.

यात भर पडली तांब्याची. १९६० नंतरच्या दशकात पंगुना येथे तांब्याचे मोठे साठे सापडले. वसाहतीचा कायदा सांगत होता : वरची जमीन तुमची, पोटातील खनिज सरकारचे. हा भेद तेथील लोकांना कळणे अशक्यच होते. बेटाच्या बहुतेक भागांत जमीन आईकडून मुलीकडे जाते. अशा जमिनीचे 'वर' आणि 'खाली' असे दोन तुकडे कसे करायचे? १९६९ मध्ये रोरोवाना गावच्या बायका मोजणीच्या खुंट्या उपटायला पुढे सरसावल्या. त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला.

१९७२ मध्ये खाण सुरू झाली. खाणीचा शंभर कोटी टनांहून अधिक गाळ व कचरा जाबा नदीच्या खोऱ्यात गेला. नफ्याचा मोठा वाटा बाहेर गेला. जमीनमालकांच्या हाती नाममात्र रक्कम पडली. अखेर १९८८ मध्ये, एके काळी त्याच खाणीत मोजणीदार असलेल्या फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली बंड उभे राहिले आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली. मग सरकारने बेटाची नाकेबंदी केली. औषधे नाहीत, इंधन नाही. युद्धात आणि नाकेबंदीत मिळून पंधरा ते वीस हजार माणसे दगावली, असा अंदाज सांगितला जातो.

माहितीपटाचा गाभा याच काळात आहे. खोबरेल तेलावर मोटारी चालतात, खाणीच्या भंगारातून जलविद्युत्‌यंत्रे उभी राहतात, रानातल्या वनस्पती औषधाला येतात. नारळाला आपण कल्पवृक्ष म्हणतो. तेथे तो शब्दशः खरा ठरला.

तरीही एक उणीव जाणवते. पडद्यावर सारे बेट एकदिलाने लढताना दिसते. प्रत्यक्षात बेटावरचेच लोक एकमेकांविरुद्ध शस्त्रे घेऊन उभे राहिले होते, आणि त्या जखमा भरायला २००१ च्या शांतता करारानंतरही वर्षे लागली. कौतुकाच्या भरात ही बाजू झाकली जाते. ती झाकली, की सोसलेल्या माणसांवर अन्याय होतो, असे मला वाटते.

क्रांतीचे फलित मोटारीत शोधू नये; ते कायद्यात शोधावे. २०१५ मध्ये बुगनव्हिलच्या स्वायत्त सरकारने केलेल्या खाण कायद्याने भूगर्भातील खनिजावर परंपरागत जमीनमालकांचा हक्क मान्य केला. ज्या वाक्याने भांडण सुरू झाले, तेच वाक्य बदलले! २०१९ च्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. आता स्वतंत्र राज्याचा खर्च चालवायला तीच पंगुना खाण पुन्हा उघडावी, असा विचार तेथेच बोलला जातो. खाण नको म्हणून जे लढले, त्यांच्याच लेकरांना हा निर्णय घ्यावा लागणार आहे.

राज्यकर्ते जातात, झेंडे उतरतात. पण कायद्याच्या पुस्तकातली ओळ मागे राहते. माहितीपट पाहताना पडद्यावरच्या शौर्याइतकेच त्या ओळीकडेही आपण लक्ष द्यायला शिकले पाहिजे.