शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक व हस्तलिखित वार्षिक

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदान, बहुमत, प्रतिनिधी हे शब्द येतात आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते जसेच्या तसे उतरतात. परंतु आपले एक मत वर्गातील सर्वांत हुशार मुलाच्या मताइतकेच मोजले जाते, हा अनुभव पुस्तकातून येत नाही. त्याचप्रमाणे लिखाणाखाली आपले नाव लागले म्हणजे त्यातील प्रत्येक विधानाची जबाबदारी आपल्यावर येते, हेही नुसते वाचून कळत नाही. पहिला अनुभव शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक देते व दुसरा हस्तलिखित वार्षिक देते. म्हणून हे दोन्ही उपक्रम एकमेकांस जोडून योजावेत. यास खर्च जवळजवळ नाही. दोन शिक्षकी शाळेतही ते सहज होतात.

१. निवडणुकीची वेळ

शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. निवडणूक जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. नाशिक जिल्ह्यात यास विशेष कारण आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील अनेक कुटुंबे भात व नागली घरात आल्यावर निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांच्या व कांद्याच्या कामांसाठी मजुरीस जातात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. निवडणूक लांबली तर नेमकी हीच मुले मतदानास मुकतात. निवडून आलेला मंत्री असा मध्येच गावाबाहेर गेला, तर शिक्षकाने त्याच्या जागी दुसरा नेमू नये, पोटनिवडणूक घ्यावी.

२. मतदारयादी व मतदान

मतदारयादी मुलांकडूनच करवून घ्यावी आणि तीत प्रत्येकाचे पूर्ण नाव असावे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ वा ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. ही हकीकत यादी करताना अवश्य सांगावी. आज महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. हे परिवर्तन किती मोठे आहे, ते मुलींच्या ध्यानी येईल.

उमेदवारी अर्जावर सूचक व अनुमोदक यांच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक उमेदवारास तीन मिनिटे बोलू द्यावे. पिण्याचे पाणी, वर्गाची सफाई, खेळाचे साहित्य, वाचनपेटी यांपैकी आपण काय करू, एवढेच त्याने सांगावे. ते फळ्यावर व वहीत नोंदवून ठेवावे. या नोंदीचा उपयोग पुढे व्हावयाचा आहे.

अक्षरओळख न झालेल्या लहान मुलांसाठी १९५१-५२ चीच रीत सोयीची आहे. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे व मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. रिकामे डबे घेऊन त्यांवर पाटी, घागर, चेंडू अशी चित्रे चिकटवावीत व ते पडद्याआड ठेवावेत. मोठ्या मुलांनी नावांच्या मतपत्रिकेवर खूण करून ती एकाच पेटीत टाकावी. मतमोजणी सर्वांसमक्ष व्हावी.

मोजणीतून गणिताचाही पाठ होतो. समजा, ४७ मुलांनी मतदान केले. तिघा उमेदवारांस १९, १६ व ११ मते पडली आणि एक मत बाद झाले. पहिला उमेदवार विजयी झाला. परंतु ४६ वैध मतांपैकी २७ मते त्याला मिळालेली नाहीत. आता तो १९ जणांचा मुख्यमंत्री की ४७ जणांचा, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा व उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

३. शिक्षकाने पाळावयाचा संयम

या उपक्रमाची खरी परीक्षा निकालाच्या क्षणी होते, आणि ती शिक्षकाची असते. शिक्षकाच्या मनात पाटलांचा चुणचुणीत मुलगा असावा आणि निवडून यावा तो अडखळत बोलणारा, शेळ्या वळणारा मुलगा, असे घडू शकते. अशा वेळी पुन्हा मतदान घेण्याचा अथवा विजयी मुलास नावापुरते ठेवून कारभार दुसऱ्याकडे देण्याचा मोह होतो. हा मोह शिक्षकाने टाळावा. निकाल एकदा बदलला, की मुले त्यातून एकच गोष्ट शिकतात : मत मागितले जाते, परंतु मानले जात नाही.

बिनविरोध निवडीचाही आग्रह नसावा. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. कायद्यास ते मान्यच आहे. शाळेत मात्र निवड करण्याचा सराव हाच मूळ हेतू असल्याने किमान दोन उमेदवार असावेत. पराभूत उमेदवारास एखादे काम आवर्जून सोपवावे.

४. हस्तलिखित वार्षिक

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. कागद, लेखणी व मुलांविषयीची कळकळ एवढेच त्यांचे भांडवल होते. पुढे १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ त्यांनी लिहिली, ती नाशिकच्याच कारागृहात.

वार्षिकाचे संपादक मंडळही मुलांनीच निवडावे. सुभाषितांच्या उताऱ्यांनी पाने भरू नयेत. गावची विहीर, आठवड्याचा बाजार, कांद्याच्या चाळीची बांधणी, आजीच्या ओव्या, घरच्या बोलीतील शब्द व त्यांचे अर्थ असे विषय द्यावेत. स्थलांतर करणाऱ्या मुलांचे लेखन दिवाळीपूर्वी घ्यावे. परतल्यावर त्यांनी द्राक्षबागेतील अनुभव लिहिल्यास तो पुढील अंकासाठी राखावा. शुद्धलेखन शिक्षकाने तपासावे. परंतु वाक्ये आपली घालू नयेत. तसे केल्यास नाव मुलाचे आणि शब्द शिक्षकाचे, असा अंक तयार होतो.

प्रकाशनास २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन योग्य होय. ज्यांच्या जन्मदिनी तो साजरा होतो, त्या कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण याच जिल्ह्यातील पिंपळगाव बसवंत येथे झाले.

५. दोहोंचा सांधा

वार्षिकाची दोन पाने निवडणुकीसाठी राखून ठेवावीत. डाव्या पानावर जुलैमध्ये उमेदवारांनी दिलेली आश्वासने वहीतून जशीच्या तशी उतरावीत. उजव्या पानावर त्यांपैकी काय झाले व काय राहिले, हे मुलांनी लिहावे. जे राहिले त्याचे कारण मंत्र्याने स्वतः लिहून खाली सही करावी. तो अंक वाचनपेटीत ठेवावा. पुढील जुलैत नव्या उमेदवारांनी बोलावयास उभे राहण्यापूर्वी ही दोन पाने वर्गात मोठ्याने वाचली जावीत.