घोडा : इंग्रजीतला आणि आमच्या दारचा

प्रथम वर्षाला असताना इंग्रजीच्या तासाला ‘डार्क हॉर्स’ या शब्दप्रयोगाचा अर्थ विचारला गेला. मी उभी राहून ‘काळा घोडा’ असे सांगितले आणि सारा वर्ग हसला. मी खाली बसले. माझ्या आजोबांनी नाशिक रोड स्टेशन ते पंचवटी असा टांगा हाकून आमचे घर चालवले. त्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आणि अडले ते नेमके घोड्यावरच! त्या दिवसापासून एका वहीत घोड्याचे शब्द टिपू लागले. त्यातले काही वाचकांपुढे ठेवत आहे.

‘डार्क हॉर्स’ हा शर्यतीच्या मैदानावरचा शब्द. येथे ‘डार्क’ म्हणजे रंगाने काळा नव्हे, तर ज्याची कुणालाच माहिती नाही असा. डिझरायली यांच्या ‘द यंग ड्यूक’ या १८३१ सालच्या कादंबरीत असा एक अनोळखी घोडा सर्वांना मागे टाकून शर्यत जिंकतो. पुढे हा शब्द निवडणुकीतल्या अनपेक्षित उमेदवारालाही लावला जाऊ लागला. योगायोग असा की, मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही १८३१ मधलीच.

दुसरी इंग्रजी म्हण सांगते की, भेट मिळालेल्या घोड्याचे तोंड उघडून पाहू नये. याचा उलगडा मला पुस्तकाआधी आजोबांनी केला. घोड्याचे वय दातांवरून कळते. वय वाढते तसे दात झिजतात आणि पुढे झुकतात. घोडा विकत घेताना आधी जबडा बघायचा, हा टांगेवाल्यांचा रिवाज. फुकट मिळालेल्याचा जबडा तपासणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान. आपल्याकडे हीच गोष्ट ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ अशी विचारतात. अर्थ एक, जनावर वेगळे. म्हणून म्हणीचे भाषांतर करताना घोड्याच्या जागी घोडाच ठेवला पाहिजे असे नाही, हा धडा मी येथे शिकले.

कधी मात्र शब्द जसाच्या तसा उचलला जातो. वर्तमानपत्रांत आमदार फुटू लागले की ‘घोडेबाजार’ हा शब्द येतो. हा इंग्रजीतल्या ‘हॉर्स ट्रेडिंग’चा मराठी अवतार. घोड्याचे दोष झाकून भाव वाढवणारे व्यापारी बदनाम होते, त्यावरून हा अर्थ आला. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा झाला, तरी या शब्दाला विश्रांती मिळालेली नाही. आमच्या जिल्ह्यात येवल्याचा घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे निदान घोडेच विकले जातात!

‘हॉर्सपॉवर’ तर आता शेतकऱ्याचाच शब्द झाला आहे. जेम्स वॉट यांनी आपल्या वाफेच्या यंत्राची ताकद गिऱ्हाइकांना समजावी म्हणून घोड्याचे माप वापरले. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॉट. पाठ्यपुस्तकात ‘अश्वशक्ती’ लिहितात, पण विहिरीवर गेल्यास ‘पाचची मोटर’ एवढेच ऐकू येते.

आता आपला घोडा पाहू. उशिरा सुचलेल्या शहाणपणाला ‘वरातीमागून घोडे’ म्हणतात. नुसत्या पत्रव्यवहाराने काम भासवणे म्हणजे ‘कागदी घोडे नाचवणे’. अडचण नेमकी कोठे आहे हे शोधायचे तर ‘घोडे कोठे पेंड खाते’ ते पाहावे. रखडलेले मोठे काम एकदाचे पार पडले की ‘गंगेत घोडे न्हाले’. नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात. त्यामुळे आजोबांच्या तोंडी ही म्हण नव्हे, रोजचा दिनक्रम होता. घोड्याच्या साजानेही भाषेला बरेच दिले आहे. ‘तोबरा’ म्हणजे दाण्यांची तोंडाला बांधायची पिशवी, ‘झापडं’ म्हणजे डोळ्यांच्या बाजूची कातडी, आणि खोगिरात कोंबलेल्या चिंध्या म्हणजे ‘खोगीरभरती’. हे तिन्ही शब्द आपण माणसांविषयी बोलताना सर्रास वापरतो.

इंग्रजीत ‘हॉर्स’ हा शब्द दुसऱ्या शब्दाआधी लागला की मोठे, राठ असा अर्थ होतो. मोठ्याने खिदळणे म्हणजे ‘हॉर्स लाफ’. मराठीतही तसेच. मोठी चूक ती ‘घोडचूक’. आणि लग्नाचे वय उलटलेली मुलगी ती ‘घोडनवरी’.

हा शेवटचा शब्द मी कोशात शोधायला गेले नव्हते. तो घरीच ऐकला. मागच्या दिवाळीत एका नातेवाईक बाईंनी आईला विचारले, ‘‘पोरीला पंधरावीपर्यंत शिकवून घोडनवरी करायची का?’’ मी एकोणीस वर्षांची आहे. भाषेत ‘घोडनवरा’ हाही शब्द आहे, पण माझ्या थोरल्या चुलतभावाला तो कुणी लावल्याचे मी ऐकलेले नाही. शब्द दोन असले तरी वापर एकाचाच होतो. वाक्प्रचारांच्या अभ्यासात हेही मोजले पाहिजे, असे मला वाटते.

आई गप्प राहिली. ओसरीवरून आजोबा म्हणाले, ‘‘बाई, कोवळी घोडी टांग्याला जुंपली तर तिचे पाय बाद होतात. मी कधी जुंपली नाही.’’ त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आजोबांना लिहिता-वाचता येत नाही. टांगा कधीच गेला. भिंतीवर एक जुना लगाम तेवढा लटकतो आहे. परवा मी त्यांना ‘डार्क हॉर्स’चा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारले, ‘‘मग परीक्षेत आता कितवा नंबर?’’