क्यू हातात आला म्हणून घाबरतेस कशाला?

अगं, परवा तू फोनवर जे सांगितलंस ते माझ्या मनातून जात नाहीये. रात्री जेवणं झाली की तुझ्याबरोबरच्या मुली स्क्रॅबलचा पट मांडतात आणि तू अभ्यासाचं निमित्त करून खोलीत जातेस. कारण काय, तर आपण मराठी माध्यमाच्या, आपल्याला इंग्रजी शब्द कुठून सुचणार! आणि मग एकटी बसून फोनवर ‘ही अक्षरं असलेले शब्द’ शोधत बसतेस. म्हणजे आवड आहे, भीतीही आहे. त्या भीतीबद्दलच आधी बोलते.

इंग्रजी स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद 2003 मध्ये कुणी मिळवलं माहितीये? थायलंडच्या पानुपोल सुज्जयकोर्नने. 2009 मध्ये पुन्हा एक थाई खेळाडूच जिंकला, पाकोर्न नेमितरमान्सुक. इंग्रजी काही त्यांची मातृभाषा नव्हे. आणि न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स तर त्याहून पुढचा. 2007 मध्ये ही जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली, ती त्याने जिंकली. पुढे 2015 मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, फ्रेंच बोलता येत नसताना! तेव्हा हा खेळ फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचाच, हे डोक्यातून काढून टाक. अक्षरं एकमेकांशेजारी कशी बसतात याची नजर ज्याला आली, त्याचा हा खेळ. आणि नजर सरावाने येते, माध्यमाने नाही.

आता कामाचं सांगते. समज, तुझ्या पट्टीवर पी, जी, ए, एन, टी, आय, आर अशा सात सोंगट्या आल्या. तू काय करतेस, सातही अक्षरांकडे एकदम बघत राहतेस. तसं बघितलं की कुणालाच काही दिसत नाही. आधी शेपूट बाजूला काढ. आय-एन-जी आहे ना? ती तीन सोंगट्या उजव्या टोकाला सरकव. मागे उरलं काय? पी, ए, टी, आर. ‘पार्ट’ लगेच दिसतो की नाही? झाला तुझा ‘पार्टिंग’. सातही सोंगट्या एका खेळीत लागल्या की वर 50 गुण जास्तीचे मिळतात. अशीच ई-डी, ई-आर, ई-एस-टी ही शेपटं आणि आर-ई, यू-एन ही तोंडं. पट्टीवर सोंगट्या सतत हलवत राहा. हात हलले की डोळ्यांना नवं दिसतं.

दुसरी युक्ती मुरलेले खेळाडू वापरतात. अक्षरं वर्णक्रमाने लावायची आणि त्या रांगेखाली तिच्यातून होणारे सगळे शब्द लिहायचे. या रांगेला ते अल्फाग्राम म्हणतात. ई, आय, एल, एन, एस, टी ही रांग घे. तिच्यातून ‘लिसन’ होतो, ‘सायलेंट’ होतो, ‘एन्लिस्ट’ आणि ‘टिन्सेल’ही होतात. वहीत अशी एक-एक रांग टिपत गेलीस तर पुढच्या वेळी तीच अक्षरं आली की चारही शब्द आपोआप आठवतात. पाठांतराचा कंटाळा येतो म्हणतेस, पण यात रट्टा मारावाच लागत नाही.

क्यूची धास्ती मला समजते. 10 गुणांचं अक्षर हातात आणि यू येता येत नाही. पण स्क्रॅबलच्या शब्दयादीत क्यू-आय हा दोनच अक्षरांचा शब्द आहे. चिनी लोक देहातल्या प्राणशक्तीला ‘ची’ म्हणतात, तोच हा. तो पाठ कर, अर्धी काळजी मिटेल. शिवाय फकीर, बुरखा, निकाब हे शब्द तर तुझ्या ओळखीचे! इंग्रजीत ते एफ-ए-क्यू-आय-आर, बी-यू-आर-क्यू-ए, एन-आय-क्यू-ए-बी असे लिहिलेले चालतात आणि एकातही क्यूनंतर यू नाही. रोटी, साडी, इडली, धोतीसुद्धा चालतात. आयने संपणारे असे शब्द पटावर कोपऱ्यात अडकलेल्याला फार उपयोगी पडतात. ‘पूजा’ लिहिलंस तर 8 गुणांचं जे खपतं. बघ, किती शब्द तू घरूनच घेऊन गेली आहेस!

सगळी व्यंजनंच आली तर वाय शोध. ‘मिथ’, ‘हिम’, ‘लिंक्स’, ‘रिदम’ यांच्यात ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नाही, सगळा भार वायवर. वायही नसेल तर एस-एच-एच, एच-एम-एम हे हुंकारसुद्धा यादीत आहेत.

या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स, अमेरिकेतला वास्तुविशारद. 1930 च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रातल्या मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्याने मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. म्हणून 100 सोंगट्यांत ईच्या 12 आहेत आणि क्यू, झेड, जे, एक्स, के यांची प्रत्येकी एकच. एस मात्र त्याने मुद्दाम कमी ठेवला, चारच. नाहीतर प्रत्येक शब्दाला एस लावून अनेकवचन करत सगळे सुटले असते! तेव्हा एस आला की लगेच उधळू नकोस. दोन शब्द जोडता येतील त्या जागेसाठी राखून ठेव. कोऱ्या सोंगट्याही तशाच, त्या फक्त दोन असतात.

वर्डलबद्दलही, म्हणजे त्या पाच अक्षरी शब्द ओळखायच्या खेळाबद्दलही, विचारलं होतंस. शेवटची चार घरं आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की तू खूश होतेस, पण धोका तिथेच आहे. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, एट, इतके शब्द तिथे बसतात आणि संधी एकूण सहाच. एक-एक करून बघत बसलीस तर संपलंच. त्यापेक्षा एक संधी ‘फॉर्म्स’वर खर्च कर. त्यात एफ, आर, एम, एस ही चार अक्षरं एका झटक्यात तपासली जातात. त्यातलं एखादं पिवळं किंवा हिरवं झालं की शब्द सापडलाच, आणि सगळी राखाडी झाली तरी निम्मे पर्याय कटतात. फक्त खेळातली कठीण पातळी लावलेली असेल तर हे करता येत नाही, कारण तिथे मिळालेली अक्षरं वापरावीच लागतात.

राहता राहिला फोनवरचा शब्दशोध. तो वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकायचं की क्षणात यादी समोर येते, फार सोयीची गोष्ट आहे ती. फक्त क्रम उलटा कर. आधी स्वतः डोकं लढव, कागदावर जमतील तेवढे शब्द लिही, मग यादी उघड आणि आपल्याला कुठले सुचले नाहीत ते बघ. त्यातले दोन-तीन अर्थासकट वहीत उतरव, सगळी यादी नको. आणि डाव चालू असताना फोनला हात लावू नकोस, कुणी बघत नसलं तरी. हरलीस तर हरलीस, डाव संपल्यावर हवं तेवढं शोध.