ड्रायर आणि पोटमाळा

निगडी, गुरुवार

चि. बाळास,

कन्व्हेयर ड्रायर कापड सुकवण्यासाठी नसतो. छापलेल्या शाईचा थर तळापर्यंत ठरावीक तापमानाला न्यायचा आणि तिथे ठरावीक वेळ ठेवायचा, एवढेच त्याचे काम. टी-शर्ट छापणाऱ्या लहान कारखान्यात बहुतेक शाई प्लास्टिसोल असते. तिच्यात पाणी नसते, त्यामुळे वाळण्यासारखे काही नसतेच. पीव्हीसीची बारीक भुकटी तेलकट द्रवात कालवलेली असते आणि सुमारे १६० अंश सेल्सियसला ती एकजीव होते. त्याच्या बऱ्याच आधी वरचा थर हाताला कोरडा लागतो, खालचा मात्र कच्चाच असतो. असा शर्ट दुकानातून देखणा बाहेर पडतो आणि तिसऱ्या धुण्याला पापुद्रे सोडत परत येतो. पाण्यातल्या शाईचे गणित वेगळे आहे. तिच्यातले पाणी आधी उडावे लागते आणि मग १५० ते १६० अंशांवर दोन-तीन मिनिटे बाइंडर पक्का व्हावा लागतो. म्हणून तिथे उष्णतेइतकीच खेळती हवाही लागते.

हे सारे भाच्याला ठाऊक आहे. तरी मुळापासून लिहिण्याचे कारण आक्काचा रविवारचा फोन. त्याच्या छपाईच्या शेडमधला जुना ड्रायर काढून कुणा ओळखीच्याकडून भंगाराच्या भावात मोठा ड्रायर यायचा आहे, असे ती म्हणाली. शिवाय खेडहून भोसरीला येताना चाकणच्या चौकांत रोज दोन तास जातात, म्हणून पोरगा हल्ली शेडच्या पोटमाळ्यावरच झोपतो, हेही तिने सांगितले. पहिल्या गोष्टीवर विचार करता येईल, दुसरीवर नाही. मामाने ३१ वर्षे आयटीआयच्या पोरांना नोट्स उतरवून दिल्या, त्यामुळे हाताला दुसरे वळण राहिलेले नाही. जे आहे ते क्रमाने लिहिले आहे.

जुना ड्रायर खरेच गेला आहे का, हे आधी तपासावे. ‘तापत नाही’ म्हणून काढलेल्या बऱ्याच यंत्रांत एक-दोन हीटर तुटलेले असतात, नाहीतर थर्मोकपल सैल झालेले असते. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एक किलोवॉटच्या हीटरचा रोध सुमारे ५३ ओहम येतो. मीटरने एकेक हीटर मोजला की मेलेला लगेच सापडतो. टेफ्लॉनचा जाळीदार पट्टा फाटला असेल तर पट्टा बदलता येतो, त्यासाठी यंत्र बदलावे लागत नाही. समोरच्या डिजिटल डब्यावर दिसणारा आकडा चेंबरमधल्या हवेचा असतो, शाईचा नसतो. शाईचे तापमान पाहायचे तर शर्टावर तापमानाची पट्टी चिकटवून किंवा शाईवर टेकणारा प्रोब ठेवून तो शर्ट पट्ट्यावरून जाऊ द्यावा. इन्फ्रारेड बंदूक सोयीची खरी, पण ती फक्त वरचा पृष्ठभाग वाचते. एवढे करूनही १६० गाठले जात नसतील, तरच बदलाचा विचार करावा.

आकार ठरवताना पट्टा किती रुंद आहे यावर नजर जाते. पाहायची असते ती तापलेल्या भागाची लांबी. सहा फुटांच्या चेंबरमधून पट्टा मिनिटाला सहा फूट चालला तर शर्टाला एक मिनिट उष्णता मिळते. प्लास्टिसोलला साधारण तेवढे पुरते. तासाला ३६० फूट पट्टा सरकतो आणि एक शर्ट अडीच फूट जागा घेतो, म्हणजे तासाला १४४ शर्ट. त्याच चेंबरमध्ये पाण्यातली शाई अडीच मिनिटे ठेवायची तर पट्टा मिनिटाला २.४ फुटांवर आणावा लागतो आणि शर्ट निघतात ५७. दोन माणसे हाताने स्क्वीजी ओढणाऱ्या शेडला दहा फुटी चेंबर लागतोच असे नाही. गणपती मंडळांचे आणि पालखीतल्या सेवेकऱ्यांचे शर्ट ठरावीक आठवड्यांत येतात. त्या पंधरा दिवसांसाठी वर्षभर मोठे यंत्र तापवणे म्हणजे पाहुणे येतील म्हणून रोज पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणे.

क्रिकेट स्पर्धांच्या पॉलिएस्टर शर्टांसाठी एक अडचण लक्षात ठेवावी. पॉलिएस्टरमधला रंग जास्त उष्णतेला कापडातून वर चढतो. लाल शर्टावरचा पांढरा आकडा संध्याकाळी पांढराच दिसतो आणि दोन दिवसांनी गुलाबी होतो. अशा कामाला १३० अंशांच्या आसपास पक्की होणारी शाई वापरतात. म्हणजे नव्या ड्रायरला भरपूर तापता आले पाहिजे आणि कमी तापमानावर स्थिरही राहता आले पाहिजे. ज्याला दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होतात, त्याच्यावर पॉलिएस्टर लादू नये.

गॅसचा पर्याय भोसरी-चाकण भागात नळाच्या गॅसमुळे बोलण्यात येतो. दिवसभर हजारो नग काढणाऱ्याला तो परवडतो. लहान शेडला वीजच बरी.

विजेचा हिशेब मात्र नीट करायला हवा, कारण भंगारातल्या यंत्राची खरी किंमत तिथे कळते. दहा फुटी ड्रायर १८ किलोवॉटचा असेल तर तिन्ही फेजवर भार वाटला गेल्यावर प्रत्येक फेजवर २५ अँपिअर सतत वाहतात. त्यात फ्लॅश ड्रायर आणि कॉम्प्रेसर धरले की शेडचा भार २० किलोवॉटच्या पुढे जातो आणि महावितरणचा औद्योगिक दर तिथे टप्पा बदलतो. मंजूर भार न वाढवता जुन्याच वायरीवर यंत्र जोडले तर एमसीबी पडत राहतो. मग कुणीतरी मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवतो. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो, यंत्र चालवण्यासाठी नसतो, हे वाक्य मामाने फळ्यावर किती वेळा लिहिले याचा हिशेब नाही.

भोसरी भागात गुरुवार औद्योगिक सुट्टीचा आणि महावितरणच्या दुरुस्तीचा. बाकीच्या दिवशीही वीज न सांगता जाते. वीज गेली की पट्टा थांबतो, पण तापलेले हीटर थंड होत नाहीत. त्यांच्याखाली अडकलेला शर्ट मिनिट-दोन मिनिटांत करपतो आणि पॉलिएस्टर तर आक्रसून जाते. म्हणून पट्टा हाताने फिरवायचा दांडा तरी असावा किंवा पट्ट्याची लहान मोटर इन्व्हर्टरवर असावी. काम संपल्यावरही चेंबर ७०-८० अंशांखाली येईपर्यंत पट्टा चालू ठेवावा. पण जे सर्वांत जास्त पाहायचे ते हे की वीज परत आल्यावर हीटर आपोआप सुरू होता कामा नयेत. चांगल्या यंत्रात त्यासाठी बटण दाबल्याशिवाय न ओढला जाणारा कॉन्टॅक्टर असतो, आणि पट्टा थांबला तर हीटर तोडणारी जोडणी असते. जुन्या यंत्रांवर बहुधा साधे चालू-बंद स्विच असतात. संध्याकाळी वीज गेली, स्विच चालूच राहिला, दमलेला माणूस वर जाऊन झोपला आणि रात्री दोनला वीज आली, तर खाली काय होईल हे पूर्ण वाक्यात लिहिण्याची गरज नाही.

वापरलेले यंत्र घेऊ नये असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो बांधकामे पाडली तेव्हा कितीतरी यंत्रे मातीमोल भावाने हात बदलून गेली, आणि त्यांत चांगलीही असणारच. पण यंत्र चालू स्थितीत, पूर्ण तापवून, तासभर पाहावे. पट्टा एका कडेला सरकतो का ते पाहावे. चेंबरच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागात तापमानाच्या पट्ट्या टाकाव्यात. दहा अंशांहून जास्त फरक दिसला तर यंत्र सोडावे. मेगरने इन्सुलेशन तपासावे. चेंबरच्या आतले अस्तर काचलोकर किंवा सिरॅमिक लोकर आहे की जुनी अॅस्बेस्टॉसची पाटी, हे विचारावे, आणि अॅस्बेस्टॉस असेल तर ती फोडत बसू नये. टेफ्लॉनचा पट्टा २६० अंशांपर्यंत टिकतो. तो काळा पडून कडक झाला असेल तर यंत्र कधीतरी बेताल तापले आहे, असे समजावे.

आता धूर. शाई पक्की होताना तिच्यातून वाफ निघते आणि ती नळीने शेडबाहेर गेली पाहिजे. नळी जोडलेली नसेल तर ती छताशी साठते. सुती शर्टांचा बारीक कापूस पंख्यावर आणि हीटरमागे बसतो, तो आठवड्याला काढावा लागतो, नाहीतर तोच पहिला पेट घेतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, म्हणून थिनरचे डबे ड्रायरच्या खोलीत ठेवू नयेत. आग खाली लागते, धूर वर चढतो, जिना धुराडे होतो आणि शटर आतून लावलेले असते. ३० ऑगस्ट २०२३ ला पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात दुकानात झोपलेल्या एकाच कुटुंबातले चौघे असेच गेले. ती जागा भोसरीहून लांब नाही. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्यात मेणबत्त्यांच्या शेडला आग लागली, तिथे बळी पडलेल्या बहुतेक कामगार बायका होत्या. ही उदाहरणे घाबरवण्यासाठी दिली आहेत, हे मान्य आहे. ४ मार्चच्या सुरक्षा दिनासाठी दोनशे शर्टांवर ‘सुरक्षा प्रथम’ छापणाऱ्याने त्याच ड्रायरच्या डोक्यावर अंथरूण घालावे, याला काय म्हणावे?

१९९१ साली चिंचवडला पत्र्याच्या एका खोलीत दोन तरुणांनी छपाई सुरू केली होती. ड्रायर घेण्याइतके पैसे नव्हते. जुन्या लोखंडी कपाटात कॉइल बसवून भट्टी केली, थर्मोस्टॅट नव्हता. एका मंडळाचे चारशे शर्ट सकाळपर्यंत द्यायचे होते आणि फ्यूज सारखा उडत होता. दोघांतल्या एकाने, ज्याने पुढे ३१ वर्षे दुसऱ्यांना वायरिंग शिकवले त्याने, फ्यूजला जाड तार घातली आणि तो घरी झोपायला गेला. दुसरा माळ्यावर झोपला. धुराने जाग आली म्हणून तो खाली उतरला आणि कपाटाचे हँडल त्याने उघड्या हाताने धरले. भाऊजींच्या उजव्या तळहातावरचा डाग घरात दिवाळीच्या अनाराचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तार कुणी घातली हे भाऊजींनी आक्काला कधी सांगितले नाही, लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही. मामानेही सांगितले नाही. भाऊजींना जाऊन सहा वर्षे झाली. सांगायचे राहून गेले ते राहूनच गेले.

त्या चारशे शर्टांपैकी निम्मे करपले आणि उरलेल्यांचे अक्षर दोन धुण्यांत गेले. भाच्याच्या छपाईचे तसे नाही. गेल्या मार्चमधला त्याचा शर्ट मामा घरात वापरतो. वर्षभर धुऊनही त्यावरची अक्षरे ओढली तर ताणतात, तडकत नाहीत. म्हणजे १६० अंश नीट गाठले होते, वेळही नीट दिला होता. हात चांगला आहे. भाऊजी असते तर त्यांनी शर्ट उलटा करून शिवण पाहिली असती, मग छपाई पाहिली असती आणि काहीच बोलले नसते. तीच त्यांची शाबासकी.

पैशांची अडचण असेल तर ती आक्काकडे न बोलता इकडे बोलावी. सहा फुटी नवा ड्रायर घ्यायचा ठरला तर अर्धी रक्कम निवृत्तीच्या ठेवीतून निघेल, ती परत कधी करायची याची तारीख ठरवायची गरज नाही. जुनाच घ्यायचा असेल तर पुढच्या गुरुवारी पाहायला जाताना मामाला बरोबर न्यावे. मेगर आणि क्लॅम्प मीटर अजून नीट चालतात, गुडघे मात्र जिना चढताना थोडा वेळ घेतात.

निगडीच्या घरातली पुढची खाट रिकामीच असते. तिथून भोसरी दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आसपास, आणि वाटेत चाकण लागत नाही. मामी रात्री साडेनऊला जेवण झाकून ठेवते. उशीर झाला तरी बेल वाजवावी, दाराची वरची कडी लावलेली नसते आणि मामाला हल्ली झोप तशीही कमीच लागते. अंथरूण आजच घेऊन आलास तर बरे.

तुझा,
मामा