जुनी गिटार नवी करू नका

दुरुस्तीला दिलेली गिटार चकाचक होऊन परत आली आणि माझ्या पोटात गोळा आला. तक्रारी दोनच होत्या. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची आणि केबल जरा हलली की आवाज जायचा. एवढंच काम सांगितलं होतं. दुकानदाराने ते तर केलंच, पण वर बॉडी घासून तिच्यावर गाड्यांना मारतात तसला क्लिअर कोट मारला, पाठीवर पट्ट्याच्या बकलाने पडलेले ओरखडे लांबी भरून बुजवले आणि तारांचा आवाज टिपणारे दोन्ही पिकअप बदलून टाकले. "साहेब, एकदम नवी करून दिलीय," तो कौतुकाने म्हणाला. जुने पिकअप कुठे आहेत विचारलं, तर "ते काय कामाचे होते?" असा उलटा सवाल आला. ते भंगारात गेले होते. बिलात मात्र सगळं अगदी नीट लावलेलं होतं.

ही गिटार १९७०च्या दशकातली, जपानी. गिब्सनच्या लेस पॉलची नक्कल. लांबून बघणारा फसेल, पण जवळ गेलं की कळतं. गिब्सनचा नेक बॉडीत चिकटवलेला असतो, हिचा मागून चार स्क्रूंनी आवळलेला आहे. लालबागला राहणाऱ्या, ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेल्या एका काकांकडून मी ती घेतली. त्यांनी ती जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतली होती. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात परदेशी वाद्यं बऱ्याचदा अशीच कोणाच्या तरी सामानातून मुंबईत उतरत. पुढे संधिवाताने काकांची बोटं आखडली. "घरात ठेवून गंजवण्यापेक्षा तू वाजव रे," म्हणाले आणि बेताच्या पैशात देऊन टाकली.

नेकवरच्या पहिल्या तीन फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, बारीक तारांखाली खळगे पडले होते. काकांची बोटं कुठल्या कॉर्डवर जास्त टेकत, ते तिथे हात फिरवला की समजायचं. नेक सोडवला तेव्हा खाचेत घडी घातलेलं बेस्टचं जुनं तिकीट सापडलं. कधीतरी नेकचा कोन चुकत असणार, तारा फ्रेटपासून फार उंच राहत असणार. कोणीतरी पाचर म्हणून ते तिकीट सारलं आणि इतकी वर्षं त्यावर भागलं. शुद्ध तंत्राच्या दृष्टीने तिथे पूर्ण खाचेएवढी, एका बाजूला निमुळती होत गेलेली लाकडी पट्टी हवी. पण नेक सरळ होता, स्वर जागेवर लागत होते, म्हणून मी तिकीट होतं तिथेच ठेवलं. माझ्या मते जुन्या गिटारच्या दुरुस्तीचं हे पहिलं पथ्य आहे. जे वाजण्याच्या आड येत नाही, त्याला हात लावायचा नाही.

गिटारच्या दुनियेत झीज हा दोष धरत नाहीत, हे आपल्याकडच्या बऱ्याच कारागिरांना पटत नाही. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरने १९६३ साली कॉर्क शहरात १९६१ची एक स्ट्रॅटोकास्टर घेतली. घामाने आणि वापराने तिचा रंग इतका उडाला की नुसतं लाकूड उरलं. तीच गिटार २०२४ साली लंडनच्या लिलावात आठ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. फेंडर कंपनी तर १९९०च्या दशकापासून मुद्दाम घासून, पोचे पाडून जुनाट केलेल्या नव्या गिटारी जास्त पैसे घेऊन विकते. त्याउलट खऱ्या जुन्या अमेरिकन गिटारवर पुन्हा रंग मारला, तर बाजारात तिची किंमत ढोबळ मानाने निम्म्यावर येते. माझी नक्कल त्या भावाची नव्हती आणि मला ती विकायचीही नव्हती. पण पिकअप गेले तसा तिचा आवाजही गेला. नवे बसवलेले पिकअप जोरदार होते, कर्कश होते, आणि काकांनी ऐकले असते तर त्यांनी कान झाकून घेतले असते.

यातून पुढे जे निस्तरावं लागलं, त्यातलं उपयोगाचं सांगतो.

त्या काळचे जपानी पिकअप शोधून जपानहूनच मागवले. त्यातला एक बंद निघाला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार, एकेका कॉइलवर साधारण पाच हजार वेढे. ती कुठेही तुटली की पिकअप मुका होतो, पण टाकाऊ होत नाही. पुन्हा गुंडाळता येतो. इथे एक खोच आहे. परदेशी पुस्तकांत या तारेचं माप ४२ गेज दिलेलं असतं. ते अमेरिकन माप, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर. लोहार चाळीत किंवा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन ४२ नंबर मागाल, तर ब्रिटिश मापाची, ०.१ मिलिमीटरची तार हातात येईल. ती जाड पडते, बॉबिनवर वेढे मावत नाहीत आणि आवाज मरतो. आपल्या बाजाराच्या भाषेत मागायची ती ४६ नंबर. नंबरावर न राहता मिलिमीटर सांगितलेलं उत्तम. दुकानदाराकडे मायक्रोमीटर असतोच, मोजून घ्यायला लाजू नका.

पिकअप जिवंत आहे की नाही हे बघायला गिटार उघडावीही लागत नाही. केबल गिटारमध्ये लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, पिनच्या टोकावर आणि बुंध्यावर, मल्टिमीटर लावा. साधा सिंगल कॉइल पाच ते सात किलोओहम दाखवतो, हंबकर, म्हणजे दोन कॉइल जोडून गुणगुण मारणारा पिकअप, सात ते नऊच्या आसपास. आकडा भलताच मोठा आला, तर कॉइल तुटलेली आहे असं समजा. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टर, त्या मोजणीत येतो, म्हणून मीटर अगदी अनंत न दाखवता चारशे-पाचशे किलोओहम दाखवेल. त्याने हुरळून जाऊ नका. त्या काळच्या स्वस्त जपानी नकलांत आणखी एक गंमत असते. वरचं चकचकीत झाकण हंबकरचं, आत मात्र एकच कॉइल. त्यामुळे अशी गिटार गुणगुणत असेल, तर ती बिघडलेली असेलच असं नाही. ती जन्मतःच तशी आहे.

खरखर बहुतेक वेळा पॉटमधल्या धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवणं, इतक्यात काम होतं. गंजलेल्या बिजागऱ्यांवर मारतात तो स्प्रे तिथे मारू नका. लॅमिंग्टन रोडला पॉटसाठीचा क्लीनर वेगळा मिळतो. पॉट खरंच मेला असेल तर नवा घेताना ए आणि बी हे अक्षर बघा. व्हॉल्यूमला सहसा ए लागतो. बी लावला की सगळा बदल बटणाच्या एका टोकाला गोळा झाल्यासारखा वाटतो. शिवाय जपानी पॉटचा दांडा मेट्रिक मापाचा असतो. अमेरिकन पार्ट मागवले तर जुनी बटणं त्यावर बसत नाहीत, ठोकून बसवायला गेलं की तडकतात. ब्रिजच्या खांबांचंही तसंच.

आवाज जातो-येतो ही तक्रार तर दहातल्या आठ वेळा जॅकची असते. बाहेरचा नट सैल होतो, लोक तो पान्याने गरागरा आवळतात, आत अख्खा जॅक फिरतो, तारांना पीळ बसतो आणि सोल्डर तुटतं. प्लेट काढून जॅक आतून धरायचा, मग नट आवळायचा. या एका कामासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांच्या ताणाने नेक वाकू नये म्हणून ती. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार किती उचललेली आहे ते पाहा. जेमतेम व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट पुरे. जास्त असेल तर सळईच्या नटाला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक अष्टमांश फेरा, फार तर पाव, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. लाकूड लगेच उत्तर देत नाही. चावी मापाचीच हवी. इंचाची चावी मेट्रिक नटात घुसवली की कोपरे झिजतात, आणि मग तो नट काढणं हे एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसतं. नट फिरतच नसेल तर जोर करू नका. तिथे जाणकाराचेच पैसे मोजा.

फ्रेट ज्या धातूचे असतात तो आपल्या बाजारातल्या जर्मन सिल्व्हरच्याच जातीचा, तांबं, निकेल आणि जस्ताचा. उथळ खळगे घासून सपाट करता येतात, पण दर वेळी फ्रेट बुटका होतो. माझ्या गिटारचे फ्रेट दुसऱ्या एका शहाण्या कारागिराने फक्त पहिले पाच बदलले आणि ते उरलेल्यांच्या उंचीला जुळवून घेतले. क्लिअर कोट काढू का, असं मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या. पुन्हा घासायला गेलो तर खालचा होता तो रंगही जाईल." तो कोट तसाच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गिटारच्या किमतीपेक्षा जास्त मोलाचं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमचा हात सतत अँपच्या अर्थवर असतो. मांडवात वीज कुठून तरी ओढलेली, एक्स्टेंशन बोर्डाची तिसरी पिन मोडलेली, अँप एका फेजवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्यावर, हे आपल्याकडे नवं नाही. हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की शॉक. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीच्या रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माइकमुळेच गेला. म्हणून कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टांपेक्षा जास्त दिसलं तर वाजवू नका. आयोजक कितीही घाई करोत. तारांना हात लागला की गुणगुण थांबते, म्हणून तो अर्थचा जोड "नको तिथे लावलाय" असं समजून काही जण कापून टाकतात, तेही करू नका. आणि जुना व्हॉल्वचा अँप घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. गिटारच्या आतल्या चिमुकल्या कपॅसिटरची अशी काही भीती नाही, आणि तो केवळ जुना आहे म्हणून बदलायचंही कारण नाही.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. मखमली अस्तर ओल धरतं, बुरशी आधी तिथे येते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रोज थोडं वाजवणं आणि तारा कोरड्या फडक्याने पुसून ठेवणं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जपानी नकलांवर "लॉसूट मॉडेल" असं बिरूद लावून दुप्पट भाव सांगतात. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली दावा केला तो आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, तोही हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. बाकीच्या डझनभर जपानी नावांचा त्या दाव्याशी संबंध नव्हता. बिरुदाचे पैसे देऊ नका. नेक, फ्रेट आणि पिकअप बघा.

दुरुस्तीला देताना मी आता आतूनबाहेरून फोटो काढतो, काय करायचं आणि काय करायचं नाही ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: काढलेला प्रत्येक पार्ट, स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून परत द्यावा. जो कारागीर याला तोंड वाकडं करतो, त्याच्याकडे गिटार ठेवत नाही.

गिरगाव, परळ, लालबागला, पुण्यातल्या पेठांत, गोव्यात अशा किती तरी गिटारी माळ्यावर पडून आहेत. वाजवणारे गेले, मुलांना त्यात रस नाही. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी किंवा तिला पॉलिश मारण्याआधी, मागचं झाकण उघडून एखाद्या गिटारवाल्याला दाखवा. बहुतेक वेळा तिला नव्या तारा, एक जॅक आणि क्लीनरचा फवारा एवढंच हवं असतं.